सुलूला नाव देणारी कादंबरी

धरमपेठेतल्या आमच्या वाचक मंडळाने या वेळी व्होंडा मॅकिंटायर यांची ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ ही १९८१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी वाचायला घेतली, तेव्हा दोघातिघांनी आधीच नाराजी व्यक्त केली होती. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेवर बेतलेले पुस्तक चर्चेला कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. कथेवरून चित्रपट किंवा मालिका निघणे आपल्याला सवयीचे आहे. उलटा प्रवास मात्र अनेकांना व्यापारी उपद्व्याप वाटतो. ती शंका निराधार नाही, कारण अशी कितीतरी पुस्तके केवळ मालिकेच्या लोकप्रियतेवर विकली जातात. तरीही पुस्तक वाचून झाल्यावर जी मते पुढे आली, ती इतकी भिन्न आणि इतकी विचारपूर्वक होती की ती सविस्तर नोंदवावीत असे मला वाटले.

मालिकेवरच्या पुस्तकांत दोन जाती आहेत, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. एका जातीत पडद्यावरच्या भागांचेच कथारूप असते. जेम्स ब्लिश यांनी १९६७ पासून मूळ मालिकेच्या भागांची तशी पुस्तके केली. दुसऱ्या जातीत पात्रे आणि जग मालिकेचे, पण कथा सर्वस्वी नवी. मॅकिंटायर यांची कादंबरी दुसऱ्या जातीची आहे. मॅकिंटायर यांचे शिक्षण जीवशास्त्राचे होते आणि हे पुस्तक लिहिण्यापूर्वीच ‘ड्रीमस्नेक’ या स्वतंत्र कादंबरीसाठी त्यांना विज्ञानकथेचे ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळालेले होते. म्हणजे हे काम त्यांनी उमेदवारीच्या काळात केले, असे म्हणता येत नाही.

कथेचा आरंभ ‘एंटरप्राइझ’ या अंतराळयानावरचा विज्ञान अधिकारी स्पॉक याच्यापासून होतो. एका उघड्या सिंग्युलॅरिटीचे, म्हणजे जिथे घनता अनंत होते अशा बिंदूचे, निरीक्षण करण्यासाठी तो कित्येक दिवस झोप लांबणीवर टाकून बसलेला असतो. ते काम अर्धवट सोडून ‘एंटरप्राइझ’ला एका खुनी ठरवलेल्या भौतिकशास्त्रज्ञाची ने-आण करण्याचे फर्मान येते, आणि हा शास्त्रज्ञ, डॉ. मॉर्ड्रो, एकेकाळी स्पॉकचाच गुरू होता. पुढे यानाच्या नियंत्रणकक्षातच कॅप्टन कर्कवर हल्ला होतो आणि कर्क मरतो. भूतकाळात ढवळाढवळ केल्यामुळे विश्वाची एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, बेसुमार वाढू लागली आहे, हे स्पॉकच्या ध्यानात येते आणि ती चूक दुरुस्त करण्यासाठी त्याला स्वतःलाच काळात मागे जावे लागते.

मंडळातील निवृत्त प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवीत असत. त्यांचा पहिला आक्षेप शास्त्रीय होता. बंदिस्त व्यवस्थेतली एन्ट्रॉपी घटत नाही, हे उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो. पण काळात मागे गेल्याने ती एकदम भडकेल, असे सांगणारी कोणतीही यंत्रणा ज्ञात भौतिकशास्त्रात नाही. “नारळीकरांच्या कथा वाचत वाढलेल्या माणसाला एवढ्याने समाधान कसे होणार?” असे त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, कारण आमच्या पिढीची विज्ञानकथेची मोजपट्टी जयंत नारळीकरांनीच घडवली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली, तेव्हापासून विज्ञान हे कथेचे नुसते नेपथ्य असू नये, अशी आमची अपेक्षा राहिली आहे. परंतु सरांनीच पुढे एक मुद्दा जोडला, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. काळाला दिशा आहे हे आपल्याला कळते ते एन्ट्रॉपीच्या वाढीवरून, आणि खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी ‘काळाचा बाण’ ही कल्पना मांडली तीही याच आधारावर. तेव्हा काळाशी खेळल्याचा दंड लेखिकेने एन्ट्रॉपीच्या रूपात वसूल करावा, यात यंत्रणा काल्पनिक असली तरी विचार योग्य जागी रोवलेला आहे.

वादाची खरी धार चढली ती शेवटावरून. अशा कादंबरीत मुख्य पात्रांना कायमची इजा करता येत नाही, कारण ती मालिकेच्या मालकांची असतात. कर्क मरणार नाही, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, आणि काळ पूर्ववत झाल्यावर त्याचा मृत्यू घडलाच नाही असे ठरते. अभियांत्रिकीला असलेली आमची सर्वांत तरुण सदस्या म्हणाली, “काका, जे शेवटी पुसूनच टाकायचे, त्यासाठी मी का रडायचे?” मी तिला तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून येथे देतो. कर्कच्या मेंदूत जीव उरलेला नाही, केवळ शरीर यंत्रांवर चालू आहे, अशा अवस्थेत ती यंत्रे बंद करण्याचा निर्णय यानावरचा डॉक्टर मॅककॉय याला घ्यावा लागतो. त्या पानांत मॅककॉयला पुढचे काही ठाऊक नसते. घटना नंतर पुसली जाते, पण माणूस कसोटीला कसा उतरला हे आपण पाहिलेले असते, आणि मॅककॉयविषयीची आपली ती ओळख कोणत्याही कालप्रवासाने रद्द होत नाही. मालिकेच्या एखाद्या भागाला इतका वेळ देणे त्या काळी शक्यही नव्हते.

माझ्या मते पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ मात्र दुय्यम पात्रांत आहे. आमच्यापैकी ज्यांनी दूरदर्शनवर ही मालिका पाहिली, त्यांना सुलू आठवतो तो यान हाकणारा, हुकूम झेलणारा अधिकारी म्हणून. १९६६ ते १९६९ या काळात मूळ मालिकेचे ७९ भाग प्रसारित झाले, पण त्यांत त्याला पहिले नाव कधी मिळाले नाही. ‘हिकारू’ हे नाव त्याला मॅकिंटायर यांनी या कादंबरीत दिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी त्याला महत्त्वाकांक्षा दिली: स्वतःच्या यानाचा कप्तान व्हायचे असेल तर ‘एंटरप्राइझ’ची सुरक्षित जागा सोडून अनुभव मिळवायला हवा, हे ओळखून तो कॅप्टन हंटर या स्त्रीच्या लढाऊ यानावर बदली मागतो. ‘स्टार ट्रेक’च्या १९९१ सालच्या सहाव्या चित्रपटात सुलू ‘एक्सेल्सियर’ या यानाचा कप्तान म्हणून आपली नोंद सांगताना ‘हिकारू सुलू’ असे पूर्ण नाव उच्चारतो, तेव्हा कादंबरीने दहा वर्षांपूर्वी दिलेले नाव पडद्याने स्वीकारले.

सुरक्षा विभागाचेही तसेच. मालिकेत लाल सदऱ्यातील हे कर्मचारी अनोळखी ग्रहावर उतरायचे आणि बहुधा नावाविना मरायचे. येथे त्यांची प्रमुख मंडाला फ्लिन हिला भूतकाळ आहे, प्रेम आहे, स्वतःच्या पदाविषयीची अस्वस्थता आहे. मंडळातील मराठीच्या शिक्षिका असलेल्या ताईंना हाच भाग सर्वाधिक आवडला. अधिकारपदावरच्या स्त्रिया येथे कोणाच्या प्रेयसी म्हणून प्रवेश करीत नाहीत, त्या आपले काम करताना दिसतात, असे त्यांचे निरीक्षण होते. हंटर आणि कर्क यांचे जुने नाते आहे, त्याची सावलीही ताईंच्या मते लेखिकेने हंटरच्या योग्यतेवर पडू दिलेली नाही. प्राध्यापकांना हीच प्रकरणे संथ वाटली; स्पॉकची कथा अडवून ती मध्ये येतात, असे ते म्हणाले. रचनेच्या दृष्टीने ते बरोबरही असेल, पण ती प्रकरणे काढली तर उरणारी कथा कोणत्याही भागात बसली असती आणि मग कादंबरी लिहिण्याचे कारणच राहिले नसते.

पुढच्या बैठकीसाठी मी जॉन फोर्ड यांच्या १९८४ च्या ‘द फायनल रिफ्लेक्शन’चे नाव सुचवले आहे. मालिकेत केवळ शत्रू म्हणून आलेल्या क्लिंगॉन समाजाचे जग त्यांच्याच बाजूने उभे करणारी ही कादंबरी आहे. ताईंची संमती मिळाली आहे. प्राध्यापक अजून तयार नाहीत; मालिकेवरचे एक पुस्तक पुरे झाले, असे त्यांचे मत आहे, आणि पहिली तीन प्रकरणे तरी वाचून मग ठरवावे, अशी विनंती मी त्यांना केली आहे.