कुलूप ऑफिसच्या कपाटात आणि माणूस बेलरच्या दारात

रिसायकलिंग सेंटरवर सेफ्टीचं काम करायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण बेलरच्या, म्हणजे पुठ्ठा, बाटल्या दाबून त्याची गाठ बांधणाऱ्या मशीनच्या दारात दिसलेला तो एक बूट अजून डोळ्यांसमोरून जात नाही. एकच बूट बाहेर, दुसरा पाय आत.

त्या दिवशी खरं तर मी दुसऱ्याच गडबडीत होते. सकाळी प्रीसॉर्टच्या बेल्टवर, म्हणजे मशीनमधे जायच्या आधी जिथे हाताने मोठा आणि धोकादायक माल वेगळा काढतात तिथे, एका मावशींना सुई टोचली. कोणीतरी इंजेक्शनच्या सुया सुट्ट्याच पिशवीत टाकल्या होत्या आणि कापडी हातमोजा सुईला काय अडवणार. हात साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायला लावला आणि लगेच डॉक्टरकडे पाठवलं, कारण हिपॅटायटिस बी चा व्हायरस शरीराबाहेर निदान ७ दिवस टिकतो, आणि एचआयव्हीसाठीची औषधं द्यायची ठरली तर जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत तर सुरू व्हायलाच हवीत. मावशी घाबरलेल्या होत्या म्हणून सोबत त्यांच्या शेजारी उभी राहणारी ताई गेली. मी रजिस्टरमधे सगळी नोंद केली, बाकीच्यांना जाड हातमोजे काढून दिले, पिशवीत हात घालायचा नाही, बेल्टवर ओतून मग बघायचं हे परत एकदा सांगितलं आणि मला वाटलं आपण सगळं नीट केलं.

एक गोष्ट राहिली. बेल्टवरची दोन माणसं कमी झाली होती आणि बेल्टचा स्पीड तोच होता.

दुपारनंतर बेलर सारखा अडकायला लागला. त्यात वरून हॉपरमधून, म्हणजे माल आत घ्यायच्या मोठ्या तोंडातून माल पडतो, खाली रॅम तो कित्येक टनांच्या जोराने पुढे ढकलून दाबतो. न उघडलेले मोठे खोके आले की हॉपरमधे एकमेकांना टेकून त्यांची कमान होते, वरचा माल वरच अडतो, खाली पोकळ. मग ऑपरेटर प्लॅटफॉर्मवर चढून दार उघडतो आणि लांब दांडक्याने ती कमान पाडतो. इथवर ठीक आहे, दांडक्याची लांबी त्यासाठीच असते. पण दांडकं पुरलं नाही की माणूस एक पाय आत टाकतो.

आणि ऑटो मोडवरच्या बेलरची खरी भीती इथेच आहे. त्यात फोटोसेन्सर असतो, माल खाली पडून ठराविक उंचीपर्यंत साचला की सेन्सर झाकला जातो आणि रॅम आपोआप चालतो, कोणी बटण दाबायची गरज नाही. म्हणजे मशीन गप्प उभं दिसतं तेव्हा ते बंद असेलच असं नाही, ते मालाची वाट बघत असतं. आतल्या माणसाने कमान पाडली की माल पडणार, माल पडला की सेन्सर झाकला जाणार. आपल्याच हाताने तो रॅमला बोलावतो.

मी राउंडवर बेलरच्या बाजूला आले तेव्हा मला आधी तो बूट दिसला. वर बघितलं तर आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर दादा, दार सताड उघडं, कमरेपर्यंत आत वाकलेले, एक पाय हॉपरच्या आत. दार उघडं असलं की मशीन चालूच होऊ नये म्हणून इंटरलॉक असतो, दार लावल्यावर दारावरची चावी त्याच्या खाचेत बसते तेव्हाच मशीन चालतं, म्हणून पहिल्या क्षणाला मी तेवढी घाबरले नाही. मग इंटरलॉकच्या खाचेकडे नजर गेली. दाराची चावी दारावर होती आणि तशीच दुसरी, सुटी चावी खाचेत घालून तारेने बांधून ठेवली होती. म्हणजे मशीनच्या हिशोबाने दार बंद होतं.

आणि त्याच वेळी पंपाचा आवाज चढला.

पॅनलवर एक नवीन मुलगा होता. मधे हॉपर आड येत असल्यामुळे त्याला प्लॅटफॉर्म दिसत नव्हता, लाइन कधी चालू करतोस म्हणून मागून ओरडा चालला होता, दादा खाली उतरले असतील असं समजून त्याने इमर्जन्सी स्टॉपचं दाबलेलं लाल बटण फिरवून सोडलं, रिसेट केलं आणि ऑटो दाबलं. मी ओरडले पण त्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार, सगळ्यांच्या कानात इअरप्लग. मी पळत जाऊन पॅनलवरचं लाल बटण हाताच्या तळव्याने हाणलं आणि तसंच पुढे जाऊन खांबावरचा मेन स्विच खाली ओढला. आत धप्पकन पुठ्ठा पडल्याचा आवाज त्यानंतर आला. आधी आला असता तर, हे मी त्या रात्री बऱ्याच वेळा मोजून बघितलं.

दादा बाहेर आले, अंगावर पुठ्ठ्याची धूळ, आणि मला म्हणाले, "मॅडम, मी बंद करूनच गेलो होतो हो. लाल बटण दाबलं होतं ना." ते खोटं बोलत नव्हते. लाल बटण दाबलं म्हणजे मशीन बंद, हे त्यांना आम्हीच शिकवलं होतं. पण ते बटण दुसरं कोणीही फिरवून सोडू शकतं. मेन स्विच पाडून त्यावर स्वतःचं कुलूप लावलं, चावी स्वतःच्या खिशात ठेवली, तरच मशीन आपल्या ताब्यात. अमेरिकेत हा कुलपाचा नियम १९८९ मधे आला, बेलर आणि कॉम्पॅक्टरमधे होणाऱ्या मृत्यूंबद्दल तिथल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने २००३ मधे वेगळी सूचना काढली, म्हणजे हे कोणाला माहीतच नव्हतं असं म्हणायची सोय कोणाला नाही.

मॅनेजरना दादांना मेमो द्यायचा होता. मी म्हटलं आधी एक दिवस द्या. तार कोणी बांधली हे विचारलं तर सगळे गप्प, मग मी तो प्रश्न सोडला आणि दादांनाच म्हटलं, कुलूप लावून जाम काढायचा तर काय काय करावं लागतं ते मला चालून दाखवा. ते प्लॅटफॉर्मवरून उतरले, शेडच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसात गेले, कपाट कुलूपबंद, त्याची किल्ली स्टोअरवाल्याकडे, तो गोडाऊनमधे. वही, सही, कुलूप, परत. घड्याळात ११ मिनिटं, आणि त्या शिफ्टमधे बेलर नऊ वेळा अडकला होता. दांडकं मात्र प्लॅटफॉर्मवरच टांगलेलं. मेमोचा कागद मी मॅनेजरना परत दिला.

दुसऱ्या दिवशी सुई टोचलेल्या मावशी फॉलोअपच्या गोळ्या घेऊन कामावर आल्या तेव्हा त्यांना हे कळलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही दोघी नव्हतो ना, मोठे खोके कोण फाडणार? ते तसेच पुढे गेले असणार." मी रिपोर्टमधे इंटरलॉक लिहिला होता, कुलूप लिहिलं होतं, ट्रेनिंग लिहिलं होतं. खोके लिहिले नव्हते. तो रिपोर्ट मी फाडून परत लिहिला आणि पहिल्या ओळीत माझं नाव घातलं, कारण माणसं कमी करून बेल्ट त्याच स्पीडला चालू ठेवणारी मीच.

आता प्रीसॉर्टवर एक जरी माणूस कमी झाला तरी बेल्ट हळू होतो, ते ठरवायचा अधिकार मावशींना आहे, त्यांना कोणाला विचारावं लागत नाही. मोठे खोके उतरवतानाच फाडून सपाट करतात, त्यामुळे जामच कमी झाले, आणि माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा हे जास्त मोलाचं. इंटरलॉकच्या सुट्या चाव्या जमा करून नष्ट केल्या. प्रत्येकाला स्वतःचं लाल कुलूप, एकच चावी, कमरेला. स्विच पाडायचा, कुलूप लावायचं, हायड्रॉलिकचं, म्हणजे रॅम ढकलणाऱ्या तेलाचं प्रेशर सोडायचं कारण वीज गेली तरी ते आत राहू शकतं, आणि मग मुद्दाम स्टार्ट दाबून बघायचं, काही हलत नाही ना. त्यानंतरच दार. आत जाणारे तीन असतील तर कुलपं तीन.

परवा बेल्टच्या खाली अडकलेली दोरी काढायची होती. मी पोचले तेव्हा मेन स्विचवर दोन कुलपं होती, एक दादांचं. दुसऱ्यावर पांढऱ्या पेंटने मावशींनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, आणि त्या बेल्टखालून मला सांगत होत्या, "मॅडम, स्टार्ट दाबून बघितलंय, तुम्ही पण एकदा दाबा."