काचेचा बूट, वाढीव मापाचा

शिळ्या कढीला ऊत कसा आणतात हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर डिस्नेने आपल्याच गाजलेल्या कार्टूनपटांचे थेट व्हिडिओवर काढलेले पुढचे भाग बघावेत, असं मी बरीच वर्षं ठणकावून सांगत आले. त्यातले बहुतेक मी बघितलेच नव्हते. न बघता केलेल्या टीकेला जो ठामपणा असतो, तो बघून केलेल्या टीकेला कधी येत नाही.

अर्थात माझं मत अगदीच हवेत नव्हतं. १९९४ साली 'द रिटर्न ऑफ जाफर' आला, तो मुळात 'अलादीन'च्या टीव्ही मालिकेची सुरुवात म्हणून बेतलेला. पहिल्या सिनेमाचा निम्मा जीव रॉबिन विल्यम्सच्या आवाजात होता. तोच आवाज यात नव्हता, कारण वस्तू विकायला आपला आवाज वापरला यावरून त्याचं स्टुडिओशी बिनसलं होतं. जिनीला आवाज दिला डॅन कॅस्टेलानेटाने, म्हणजे 'द सिम्प्सन्स' या कार्टून मालिकेतल्या होमरचा आवाज काढणाऱ्याने. वाईट नाही, पण दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा. तरी कॅसेटी लाखांनी खपल्या आणि हिशेब पक्का झाला: थिएटर नको, खोक्यावर ओळखीचं नाव असलं की आईबाप घेतातच. मग रांगच लागली. ज्या ज्या गोष्टीचा शेवट 'आणि ते सुखाने नांदू लागले' असा होता, तिथे नांदताना नेमकं काय बिघडलं ते शोधून काढणं सुरू झालं. १९४२च्या 'बॅम्बी'चा पुढचा भाग २००६ साली निघाला. मधे ६४ वर्षं गेली, पाडस मात्र अजून पाडसच.

सिंड्रेलावर तर ही पाळी दोनदा आली. १९५०च्या मूळ सिनेमाचा दुसरा भाग २००२ साली निघाला. तीन सुट्या गोष्टी टाचून एक केलेला. तो मी वीस-पंचवीस मिनिटांत बंद केला होता. तिसरा २००७चा, 'अ ट्विस्ट इन टाइम'. त्याच्या वाटेला मी गेलेच नाही. परवा माझ्या सात वर्षांच्या भाचीने तो लावला. मी उठून जाणार तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, यात बूट तिला बसतो."

"कुणाला, सिंड्रेलाला?"

"नाही गं. त्या दुसरीला."

मी परत बसले.

गोष्ट अशी आहे. सिंड्रेलाच्या लग्नाला वर्ष झालंय. परीची जादूची कांडी सावत्र बहीण अ‍ॅनास्टेशियाच्या हाती लागते, तिच्याकडून आईकडे जाते, आणि ही आई थेट काळच मागे फिरवते. कुठवर, तर काचेचा बूट घेऊन ड्यूक त्यांच्या दारात आला त्या दिवसापर्यंत. सिंड्रेला वर खोलीत कोंडलेली. अ‍ॅनास्टेशियाचा पाय काही बुटात शिरत नाही. मग आई हळूच कांडी फिरवते आणि बूटच मोठा होतो.

सिंड्रेलाच्या गोष्टीत मला लहानपणापासून खुपत आलेली वस्तू म्हणजे हा बूट. ज्या मुलीबरोबर नाचून राजपुत्राची शुद्ध हरपली, तिला शोधायला तो तिचा चेहरा वापरत नाही, आवाज वापरत नाही. पायाचं माप वापरतो. अख्ख्या राज्यात त्या मापाचा एकच पाय? आणि बूट जादूचाच होता, तर बारा वाजता गाडीचा भोपळा झाला, घोड्यांचे उंदीर झाले, तेव्हा हा एकटा कसा टिकला? मोठ्यांना हे विचारलं की ते म्हणत, गोष्ट आहे ती. १९५०च्या सिनेमातल्या राजाला तर यातलं काहीच पडलेलं नाही. त्याला नातवंडं हवी आहेत. बूट ज्या मुलीला होईल ती सून, विषय संपला.

काचेचा बूट आणला शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने, १६९७ साली. ग्रिम बंधूंकडे तो सोन्याचा झाला आणि भयंकर झाला. तिथे बूट होत नाही म्हटल्यावर आई मुलीच्या हातात सुरी देते: अंगठा काप, एकदा राणी झालीस की पायी चालायला कुठे लागणार आहे! मुलगी खरोखर कापते. २००७ची आई त्या मानाने सुधारलेली म्हणायची. ती पायाला हात लावत नाही, मापच बदलते. पण दोघींचा हिशेब एकच आहे: मुलगी कोण आहे हे महत्त्वाचं नाही, बूट झाला पाहिजे. आणि बूट झाला की कुणी पुढे काही विचारत नाही, हेही दोघींना पक्कं ठाऊक आहे. आपण लहानपणी जे विचारायचो आणि गप्प बसवले जायचो, तेच ही बाई शस्त्र म्हणून वापरते.

पुढची खेळी मला अधिक आवडली. १९५०च्या सिनेमाचा शेवट आठवत असेल. सावत्र आई नोकराच्या पायात काठी घालते, तो पडतो, बुटाचे तुकडे होतात, ड्यूक रडकुंडीला येतो, आणि सिंड्रेला खिशातून जोडीचा दुसरा बूट काढते. टाळ्या. नव्या सिनेमातल्या आईला जणू तो शेवट पाठ आहे. ती दुसरा बूटच फोडून टाकते. लिहिणाऱ्यांनी जुना सिनेमा नुसता बघितलेला नाही, त्याचा खिळा न् खिळा तपासलेला आहे हे मला तिथे कळलं, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या ठामपणाला पहिला तडा गेला.

कारण आता सिंड्रेलाकडे काहीच उरत नाही. बूट नाही, पुरावा नाही; परीचा तर दगड झालाय. मूळ सिनेमात ती दुबळी होती असं मी म्हणणार नाही. रोज राबून, अपमान गिळून गाणं म्हणणं याला मोठंच बळ लागतं. पण तिथे गोष्ट पुढे ढकलतात ती इतर मंडळी. कपडे परी देते, गाडी परी देते, कोंडलेल्या खोलीची किल्ली उंदीर ओढत आणतात. इथे ती स्वतः उठते आणि राजवाड्याकडे चालू लागते. आत शिरण्यासाठी तिला कोणतं काम मिळावं? उंदीर पकडायचं! जिच्या आयुष्यात उंदरांखेरीज सखेसोबती नव्हते, तिला. हा विनोद सिनेमा फार ठासून सांगत नाही, म्हणून तो जास्त गोड लागतो.

आणि राजपुत्र. १९५० साली त्याला धड नावही नव्हतं, आणि वाक्यं मोजायला दोन्ही हातांचीसुद्धा गरज नव्हती. नाव अजूनही नाही. पण अ‍ॅनास्टेशियाला समोर आणल्यावर तो बूट-बिट न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघतो आणि सांगतो की ही ती मुलगी नाही. ५७ वर्षांनी का होईना, माझ्या लहानपणीच्या प्रश्नाला कुणीतरी उत्तर दिलं. म्हणून मग सावत्र आईला त्याची आठवणच जादूने बदलावी लागते. पुढे उंदीर त्याला खरं काय ते सांगतात, तो निघतो, आणि राजा बजावतो की या जिन्यावर आता एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. राजपुत्र आज्ञाधारक आहे. तो खिडकीतून उडी मारतो. भाचीने हा तुकडा मागे नेऊन तीनदा बघितला. दुसऱ्या वेळी मीच सांगितलं होतं मागे ने म्हणून.

या सिनेमांना स्टुडिओच्या सावत्र मुली म्हणायचा मोह मला अर्ध्या वाटेवर झाला होता. कपडे साधे, काम ढीगभर, आणि थिएटरच्या मेजवानीला जायचं नाही. पण उपमा फार आयती आहे, आणि खरी अडचण वेगळीच आहे. या सिनेमातली नावडती सिंड्रेला नव्हे, अ‍ॅनास्टेशिया आहे.

नावडतीचं मीठ अळणी, तसं तिचं १९५० पासून चाललेलं. कुरूप, बेसूर, धांदरट. मोठे पाय हा तर तिचा गुन्हाच. इथे तिला पहिल्यांदा कुणीतरी आपणहून काही देतं. राजा तिला आपल्या गेलेल्या राणीची सगळ्यात मोलाची ठेव देतो. दागिना नव्हे, समुद्रावर सापडलेला एक शिंपला. त्याला वाटतंय की हिला माझ्या मुलाने प्रेमाने निवडलंय. तिला मात्र ठाऊक आहे की आपल्याला कुणीच निवडलेलं नाही, बूट वाढवून घेतलाय. तो शिंपला हातात घेतल्यावरचा तिचा चेहरा काढणाऱ्या चित्रकाराचं नाव मी शोधत बसले नाही, पण त्याला खाली उतरून नमस्कार करावा असा तो चेहरा आहे. शेवटी आई तिला सिंड्रेलाचंच रूप देऊन लग्नाला उभी करते. मनात होतं ते सगळं समोर आहे, फक्त हो म्हणायचं. ती नाही म्हणते.

हे कुठून सुचलं असेल याचा विचार करताना मला पेरोची गोष्ट आठवली. त्याच्याकडेही दोन सावत्र बहिणी आहेत. घरात त्या राखेत बसणाऱ्या मुलीला एरवी एका घाणेरड्या नावाने हाक मारतात. धाकटी थोरलीइतकी उर्मट नाही, म्हणून ती तिला जरा बरं नाव देते, सांद्रियोँ. इंग्रजीत त्याचंच सिंड्रेला झालं. म्हणजे आपल्या नायिकेला तिचं नाव दिलं ते एका सावत्र बहिणीने, तेही थोडीशी दया येऊन. पेरो त्या धाकटीकडे परत वळून बघत नाही. शेवटी दोघी बहिणींना माफी मिळते, दोघींची चांगल्या घरी लग्नं लागतात, संपलं. तिच्याकडे नीट वळून बघायला एक डीव्हीडी यावी लागली.

डीव्हीडी डीव्हीडीच आहे, हेही सांगितलं पाहिजे. गाणी चार ऐकली, एकही गुणगुणता येत नाही. मूळ सिनेमात डिस्नेची चित्रकार मेरी ब्लेअर हिच्या रंगयोजनेतला तो निळा काळोख आहे, बागेतला आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवरचा. इथल्या रंगात शोरूमचा चकचकीतपणा आहे. शेवटाकडची भोपळ्याच्या गाडीची धावपळ सिनेमा लांबवायला घातल्यासारखी वाटते. मात्र काटकसरीवरून नाक मुरडताना जरा जपून. मूळ सिनेमाही युद्धानंतर कर्जात रुतलेल्या स्टुडिओने हात राखून काढलेला होता. चित्रं फुकट जाऊ नयेत म्हणून त्यातले बरेचसे प्रसंग आधी जिवंत नटांकडून करून, चित्रित करून घेतले होते. त्या कर्जातून स्टुडिओला बाहेर काढलं ते त्याच काटकसरीच्या सिंड्रेलाने.

२००६ साली डिस्नेने पिक्सार ही अ‍ॅनिमेशन कंपनी विकत घेतली, तिथल्या जॉन लॅसेटर यांच्या हाती कार्टूनपटांचा कारभार आला आणि २००७ मध्ये हे पुढच्या भागांचं दुकान बंद करायचं ठरलं. जलपरीचा एक भाग २००८ मध्ये निघाला, तोच शेवटचा. बंद केलं ते बरंच झालं, हे माझं मत अजून तसंच आहे. फक्त इतकी वर्षं कढी ढवळून कारागिरांचा हात जरा कुठे बसला होता, तेवढ्यात चूल विझवली, एवढंच वाटून गेलं.

सिनेमा संपला, नावं सुरू झाली. सोबत छोटी छोटी चित्रं येत होती. एकात सावत्र आई आणि दुसरी सावत्र बहीण ड्रिझेला राजवाड्यात मोलकरणीच्या कपड्यांत. एकात अ‍ॅनास्टेशिया एका गोलमटोल माणसाशेजारी, भलतीच खूश.

"हा कोण?" मी विचारलं. अख्ख्या सिनेमात हा माणूस कुठे आल्याचं मला आठवेना.

"अगं, तो बेकरीवाला. तिला आवडतो तो."

"कधी आवडला?"

"दुसऱ्या भागात!" भाचीने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी न वाचता परीक्षेला बसलेल्यांकडे बघते. "तू नाही पाहिलास?"

मी म्हटलं, थोडासा पाहिलाय. तिने रिमोट उचलला.