आइंडहोवनची सायकल, लातूरची लाईट

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर माझा नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये भर पावसात सायकल चालवतानाचा फोटो गेला. बायकोने टाकला, मी नाही. त्याखाली कौतुक सुरू झालं आणि मला उगाच चीड आली. "जिद्द लागते त्याला." "तिकडं जाऊन लेकराला किती शिस्त लागली बघा." मोठ्या काकांनी तर लिहिलं, "इथं होतास तवा कोपऱ्यावरचं दूध आणायला पण गाडी काढायचास." काकांचं खरं आहे. काढायचो. पण मग तोच मी, तेच पाय, तोच आळस, आणि इथं आल्यावर एकदम जिद्द कुठून आली? जिद्द लागायला काहीतरी आडवं यावं लागतं. या गावात सायकल न चालवायची असेल तर जिद्द लागते.

दारातून बाहेर पडलं की तांबड्या डांबराचा सायकलचा रस्ता सुरू होतो, तो ऑफिसच्या सायकल स्टँडपाशी संपतो. मध्ये गाड्यांचा मोठा चौक लागतो. त्यावर २०१२ साली बांधलेला होवनरिंग नावाचा गोल पूल आहे, पोलादी दोरांनी अधांतरी टांगलेला. गाड्या खालून जातात, सायकली वरून. पहिल्यांदा त्यावर चढलो तेव्हा लातूरची गंजगोलाई, आपली गोल बाजारपेठ, आठवली. आपल्या गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि मधोमध जगदंबा बसलीय, इथं मधोमध नुसता खांब. तेवढा एक मुद्दा आपल्या बाजूने जातो, बाकी काही बोलायची सोय नाही.

सायकल स्टँड ऑफिसच्या दाराला लागून, गाड्यांचा तळ पार मागे. म्हणजे पावसात गाडीने आलेला माणूससुद्धा भिजतच आत येतो. सिग्नलला सायकलवाल्यांना वेगळा दिवा. शाळेतली दहा-बारा वर्षांची पोरं वाहतुकीची परीक्षा देतात, आणि तीसुद्धा बऱ्याच ठिकाणी खऱ्या रस्त्यावर, सायकलवर बसून. उत्रेख्त शहराच्या रेल्वे स्टेशनखाली १२,५०० सायकली मावतील असा तळ आहे, पहिले २४ तास फुकट. सत्तरीच्या आजीबाई बॅटरीच्या सायकलवर मला मागं टाकून जातात, वर घंटी वाजवून बाजूला व्हायला सांगतात. वाऱ्याचं तर विचारूच नका. सकाळी जाताना समोरून, संध्याकाळी येताना पुन्हा समोरून, हे कसं जमतं ते मला अजून कळलेलं नाही.

पैशासाठी चालवतो म्हणावं तर तेही नाही. कंपनी किलोमीटरला २३ सेंटपर्यंत करमुक्त भत्ता देऊ शकते, पण तो मोटारीने आलं तरी तेवढाच. मग का चालवतो? एकदा थंडीत अंगात कणकण होती म्हणून बसने गेलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टीममधल्या तिघांनी तरी विचारलं, "सायकल बिघडली का?" वाईट हेतू काही नव्हता, एक जण तर संध्याकाळी दुरुस्तीला मदत करतो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी मी कणकण असतानाच सायकल काढली.

आता गंमत बघा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत लातूरला आलो होतो. भाच्याची सायकल रिकामी पडलेली, म्हणून ती घेऊन नांदेड रोडला मित्राकडे निघालो. वाटेत ओळखीचे दोघे भेटले. दोघांनीही थांबून काळजीने विचारलं, "का रे, गाडी बिघडली का?" एक जण तर मागं बस म्हणून आग्रह करत होता, सायकल कुठंतरी लावून दे म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्याने भावाची स्कूटी घेतली.

इकडच्या लोकांच्या रक्तातच सायकल आहे असं आपल्याकडे कुणी म्हणालं की मला हसू येतं. पन्नास-साठच्या दशकात हेच लोक गाड्यांच्या मागं लागले होते. जुने चौक मोकळे करून तिथं गाड्या लावत होते. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यावर ३,००० हून अधिक माणसं मेली, त्यात शेकडो लेकरं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले, 'लेकरांचे खून थांबवा' अशा नावाची चळवळच उभी राहिली. त्यातच १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा झाला आणि सरकारला रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर हळूहळू रस्ते बदलले, आणि रस्ते बदलले तशी माणसं बदलली. त्यांच्या शिस्तीचं कौतुक मला आहेच, पण ती शिस्त आधी डांबरात ओतली गेली, मग अंगात उतरली.

शिवाय हा देश तव्यासारखा सपाट. यांच्यातल्या कुणालाही मे महिन्यात दुपारी दोन वाजता औसा रोडला सायकल देऊन बघा. ऊन ४२ अंश, आणि हंगामात अंधारात मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, एकीलाही मागं दिवा नाही. तिथं सायकल चालवणं ही सवय नव्हे, नवस झाला. आमचे दादा, म्हणजे वडील, गावातून शाळेवर शिकवायला वर्षानुवर्षं सायकलनेच गेले. हातात पैसे आले तशी पहिली सायकल विकली आणि लूना घेतली. त्या दिवशी घरात पेढे वाटले होते. सायकल सुटणं ही आमच्याकडे प्रगती होती. आता त्याच माणसाला मी फोनवर सायकलचे फायदे सांगायचे? मला ते जमत नाही.

आणि जिद्द-शिस्त आम्हाला युरोपात येऊन शिकावी लागली असं कुणी म्हटलं की माझ्यातला लातूरकर जागा होतो. इथल्या सहकाऱ्यांना मी लातूर पॅटर्न, म्हणजे आमच्याकडची अकरावी-बारावीच्या अभ्यासाची पद्धत, समजावून सांगितला तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. सोळा वर्षांची पोरं गाव सोडून येतात, दहा बाय दहाच्या खोलीत तिघं-चौघं राहतात, मेसचा डबा खातात आणि पहाटे चारला उठून बसतात? घरचं कुणी नसताना? शिक्षा कोण करतं? कुणी नाही. मी औशाजवळच्या खेड्यातून अकरावीला लातूरला आलो तेव्हा मलाही पहाटे कुणी उठवलं नाही. समोरच्या इमारतीतल्या खोलीत लाईट लागायची. बस. ती लागली की आमच्या खोलीतला एक जण उठायचा, तो उठला की बादलीचा आवाज, मग झोपेत पडून राहायची लाज वाटायची. रात्री उलटं. समोरची लाईट गेल्याशिवाय आपली घालवायची नाही. तिकडचे पण आमच्याकडंच बघत बसलेले असणार, म्हणजे दोन्ही खोल्या एकमेकींना जाग्या ठेवत होत्या. शाहू आणि दयानंद कॉलेजच्या निकालांवर लोक बोलतात, शिकवण्यावर, टेस्ट सिरीजवर बोलतात, ते बरोबरच आहे. पण माझ्या मते निम्मा पॅटर्न त्या लाईटीत होता. त्यात काही पोरं मोडायची, एक-दोन जण तर वर्षाच्या मध्येच ट्रंक उचलून गावी गेले, हेही मी विसरलेलो नाही.

बारावी झाली, पुण्याला इंजिनिअरिंगला लागलो. हॉस्टेलवर सगळे नऊला उठायचे. पहिल्याच आठवड्यात मीही नऊला उठायला लागलो. दोन वर्षं रोज पहाटे उठलेला माणूस! लोक सांगतात की २१ दिवसांत सवय लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ९६ जणांवर अभ्यास केला. साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. त्यांच्या अभ्यासातही सवय चिकटली ती ठरलेल्या खुणेला. म्हणजे जेवण झालं की चालणं, नाश्ता झाला की फळ. माझी खूण समोरच्या खोलीत होती आणि ती मला पुण्याला नेता आली नाही.

तंबाखूचं पण तसंच. हॉस्टेलमध्ये मळायला लागलो होतो, नोकरीतही सुटली नाही. आइंडहोवनला आलो आणि आपोआप गेली. आई अजून सगळ्यांना सांगते की तिच्या पोरानं मन घट्ट केलं. मन कशाला घट्ट करतोय? इथं चुना नाही, पुडी नाही, टपरी नाही, आणि मुख्य म्हणजे "काढ की" म्हणणारा माणूस नाही. अमेरिकेत ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतणाऱ्या सैनिकांचा अभ्यास केला होता. तिथं असताना जवळजवळ पाचातला एक जण हेरॉईनच्या आहारी गेलेला. सरकार धास्तावलेलं. पण त्या व्यसनी झालेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते सुमारे ५ टक्केच. जागा सुटली, सोबत सुटली, व्यसनही बहुतेकांचं सुटलं. माझं गणित उलटं आहे, कारण माझा मायदेश म्हणजेच टपरी. सुट्टीत आलो की शाळेतला मित्र मळतो, थोपटतो आणि तळहात पुढं करतो. त्या तळहाताला नाही म्हणणं म्हणजे त्या माणसालाच नाही म्हणणं. विमानात बसलो की पुन्हा बंद. डॉक्टर लोक याला काय म्हणतील ते मला माहीत आहे, त्यांनी एकदा त्या कट्ट्यावर माझ्याजागी बसून बघावं.

आणि या देशाने माझ्या चांगल्या सवयीही काढून घेतल्यात, ते कुणी फोटोखाली लिहीत नाही. न सांगता कुणाच्या घरी जायची सवय गेली. इथं चहाला जायचं तरी तीन आठवडे आधी तारीख ठरवतात. पहिल्यांदा राग यायचा, आता कुणी अचानक दार वाजवलं तर मीच दचकतो. गावाकडची माझी काकू, गुडघे धरून बसणारी, भाजी आणायला मंडईत पायी जात नाही. पण कोजागिरीच्या आधी गल्लीतल्या बाया निघाल्या की तीच लातूरहून तुळजापूरला चालत जाते, ७५ किलोमीटरच्या आसपास. फोडांना हळद लावते नि पुढच्या वर्षी पुन्हा निघते. तिला व्यायामाचं ॲप दिलं तर ती ते एक दिवससुद्धा वापरणार नाही. मी इथल्या जिमचे पैसे वर्षभर भरले आणि गेलो नाही, कारण तिथं सगळे कानात बोळे घालून एकेकटे पळतात. त्यापेक्षा आम्ही चार-पाच मराठी घरं आता रविवारी सकाळी कालव्याकाठी चालायला जातो, आणि एक जण आला नाही की त्याच्या दारात जाऊन उभे राहतो. न सांगता.

हे सगळं आत्ताच डोक्यात येण्याचं कारण पुतण्या. यंदा तो मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीला लातूरला खोली करून राहतोय. परवा भावाचा फोन आला. "अभ्यासाला बसतच नाही म्हणायलाय. तुझं ऐकतो तो. चार शब्द सांग, मोटिव्हेशनचं काहीतरी." मी विचारलं, खोलीत कोण कोण आहे? तर दोघं. एक रात्री दोनपर्यंत मोबाईलवर रील बघतो, दुसरा त्याच्या शेजारी पडून तेच बघतो. खिडकी कुठं उघडते? तर भिंतीवर. मी म्हणालो, त्याला काही सांगू नको, खोली बदल. भाऊ चिडला. "मी तुला लेकराला समजावून सांगायला सांगायलोय, तू मला भाड्यात घालायलास." जास्तीचं भाडं मी देतो म्हटल्यावर जरा शांत झाला, पण त्याला अजूनही वाटतं की मी टाळाटाळ केली.

तर लातूरकरांनो, ट्युशन एरियात किंवा आसपास एका मुलाची जागा रिकामी असेल तर कळवा. पंखा, पाणी, मेस यांचं आम्ही बघून घेऊ. खोलीतली बाकीची पोरं पहाटे उठणारी पाहिजेत, आणि खिडकी समोरच्या इमारतीकडं उघडणारी.