बहात्तर पौंड दहा शिलिंग

शनिवार, रात्री

आज एकदाचा नॉस्टेलला जाऊन आलो. लीड्सला येऊन सहा वर्षं झाली, आणि वेकफिल्डजवळच्या त्या वाड्यातलं टेबल बघायचं राहूनच गेलं होतं. बाबा दर फोनला विचारायचे, "गेलास का?" जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसाला, ते टेबल करणाऱ्या चिपेंडेल या इंग्रज फर्निचर-कारागिराचं नाव पाठ आहे. त्यांच्या उमेदवारीत मुंबईची गिऱ्हाइकं 'चिपेंडेल पायाच्या' खुर्च्या मागायची.

टेबल लायब्ररीत आहे. महोगनीचं, भलंमोठं. वर सिंहाची मुंडकी, खाली सिंहाचे पंजे, दारांवर कोरलेल्या लंबगोल चौकटी. एका बाजूला आत खण, दुसऱ्या बाजूला कप्पे. 1767 च्या जूनमधलं त्याचं बिल आजही शाबूत आहे. 72 पौंड 10 शिलिंग. वर काळं चामडं चढवल्याचीही नोंद त्यात आहे.

थॉमस चिपेंडेल इथलाच, ऑटलीचा, 1718 चा जन्म, घरात सुतारकी. पुढे लंडनला सेंट मार्टिन्स लेनमध्ये त्याने कारखाना थाटला. पण हे पंजे त्याने स्वतः कोरले असतील असं मला वाटत नाही. तोवर त्याच्या हाताखाली बरेच कारागीर होते. बिलावर मालकाचं नाव येतं, पटाशी धरणाऱ्याचं येत नाही.

आणि झाड तोडणाऱ्याचं तर कुठेच येत नाही. 1721 साली ब्रिटनने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींच्या लाकडावरची जकात उठवली आणि महोगनीची रीघ लागली. आधी जमैकातून, मग क्यूबातून, होंडुरासच्या आखाताकडून. आजच्या बेलीझमध्ये हे काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून करून घेत. एक जण उंच झाडावर चढून रानावर नजर टाकायचा आणि पानांच्या रंगावरून महोगनी हेरायचा. बुंधा खाली पसरट, म्हणून जमिनीपासून दहा-बारा फुटांवर माळा बांधून त्यावर उभं राहून कुऱ्हाड चालवायची. उन्हाळ्यात दिवसा बैलांना झेपत नसे, म्हणून ओंडके रात्री मशालींच्या उजेडात ओढायचे. पावसाने नदी फुगली की सोडून द्यायचे समुद्राकडे. बेलीझच्या झेंड्यावर आजही महोगनीचं झाड आहे, दोन लाकूडतोडेही आहेत. टेबलापाशी उभा असताना त्या मशालीच माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

वाड्याचा मालक सर रोलंड विन पैसे द्यायला चालढकल करायचा. चिपेंडेलने पैशांसाठी त्याला विनवण्या करणारी पत्रं लिहिली आहेत. हे कळलं आणि पोटात तुटलं. बाबांनीही दुसऱ्यांच्या दिवाणखान्यात कपाटं उभी करून, महिनोन्‌महिने त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. लहानपणी मीही जायचो त्यांच्याबरोबर.

रात्री व्हिडिओ कॉल केला. पहिला प्रश्न, "खण ओढून मागची बाजू बघितलीस?"

"हात लावता येत नाही, बाबा."

ते हिरमुसले. मागच्या बाजूलाच सुतार कळतो, हे त्यांचं जुनं म्हणणं. मग पंज्याचा फोटो पाठवला. चष्मा कपाळावर सारून, मोबाइल डोळ्यांशी नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"नखाखाली पटाशी फिरवायला जागाच नाही रे," म्हणाले. "तरी फिरवलीय."

मग आणखी एक फोटो मागितला, पंज्याच्या आतल्या बाजूचा.