आई माणसं मोजते

खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे दर पावसाळ्याचंच. पण टीव्हीवर ती बातमी लागली आणि मी चॅनल बदलायच्या आत आईने ती पाहिली. मग दिवेलागणीपर्यंत नुसती धांदल. तांदळाचा डबा पलंगावर, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात. "पानशेत फुटलं, चला, वर चला!" आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. ती मात्र नारायण पेठेत होती, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं त्या दिवशी.

आणि माणसं मोजत होती, बोटांच्या पेरांवर. माई आली, अण्णा आले, नंदू कुठाय? परत पहिल्यापासून. मी शेजारीच उभी. माझं नाव काही आलं नाही.

येणार कुठून? माझा तेव्हा जन्मही नव्हता. डॉक्टरांनी समजावलंय की या आजारात आधी अलीकडचं जातं, जुनं बरंच टिकतं, आणि दिवस कलला की गोंधळ वाढतो. सगळं कळतं. तरी लागलंच. अंघोळ मी घालते, गोळ्या मी देते, रात्री ती बाहेर पडू नये म्हणून दाराची वरची कडी मी लावते. दादाला फोनवर ती आवाजावरून ओळखते... जाऊ दे ते. पण बुडत्या घरातून कोणाकोणाला बाहेर काढायचं, त्यात मी नाही. जेवताना तेच, भांडी आवरताना तेच डोक्यात.

पूर आलेला नाही असं सांगितलं की ती जास्तच घाबरते. म्हणून पिठाचा डबा उचलला आणि विचारलं, "कुठे ठेवू?"

"वरच्या फळीवर. भिजलं तर माई रागवेल." झाकण नीट बसलंय का, ते तिने स्वतः दाबून पाहिलं. मनगटाला पीठ लागलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या घरची सगळी आली ना वर?"

"आली," म्हटलं.

"मग बसा इथेच. खाली जाऊ नका."

एवढ्या घाईतही तिने माझ्या घरच्यांची चौकशी केली. मुलगी म्हणून नाही तर नाही, शेजारीण म्हणून का होईना, जवळ बसवून घेतलं. हे मला पुरतंय. निदान आज तरी.

उद्या नंदूमामाला फोन करायचाय. पाणी चढलं तेव्हा ही सगळी नक्की कुणाच्या माडीवर गेली होती, ते विचारून ठेवते. पुढच्या वेळी "चला वर" म्हणाली की कुठे जायचं ते मला सांगता येईल.