नान्नजच्या मळ्यात ट्रेलरचं वायरिंग: पुणे ते सोलापूर, तीन रात्री

गाडीमागे मुक्कामाचा ट्रेलर जोडून आम्ही पुण्याहून निघालो होतो. वरवड्याचा टोलनाका मागे पडला आणि एक ट्रकवाला शेजारी येऊन हाताने खुणा करायला लागला. चाक बसलं असेल म्हणून कडेला घेतलं. चाकं ठणठणीत होती. बायको गाडीत बसली, मी मागे उभा राहिलो. डाव्या इंडिकेटरबरोबर ट्रेलरचे सगळे लाल दिवे मिणमिणत होते, आणि ब्रेक दाबला की टेललाइट विझल्यासारखे व्हायचे.

एका दिव्याचं बटण दाबलं आणि दुसरेच दिवे नाचायला लागले, तर पहिला संशय अर्थवर, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरवर, घ्यायचा. करंटला परतीची नीट वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिव्यांतून वाट काढतो. सात पिनांच्या प्लगात पांढरी वायर अर्थची असते. प्लग उघडला तर ती पिनेपासून सुटून नुसती टेकली होती. म्हणजे इतके दिवस आमच्या मागच्या दिव्यांची अर्थ टो-बॉलमधून, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो त्या गाडीच्या गोळ्यातून, येत होती, आणि निघताना मीच त्या गोळ्याला भरपूर ग्रीस फासलं होतं! एक जाड वायर ट्रेलरच्या चेसिसच्या बोल्टपासून गाडीच्या टो-ब्रॅकेटपर्यंत बांधली, तसे दिवे शहाण्यासारखे लागले. चारेक वाजले होते, म्हणून तसंच पुढे निघालो. अंधार पडला असता तर निघालो नसतो. हा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा आहे, मागचे दिवे नसलेली ट्रॉली म्हणजे काय ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मुक्काम बायकोच्या माहेरच्या मळ्यात होता. सोलापूर-बार्शी रस्त्यावर, शहरापासून साधारण 20 किलोमीटरवर नान्नज. माळढोक अभयारण्याचं गाव आणि द्राक्षाचंही. ट्रेलर घेऊन येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा की अभयारण्यात मुक्काम करता येत नाही, आजूबाजूच्या शेतात कोणाची तरी ओळख काढावी लागते. माळढोक दिसला नाही, तो दिसेल या आशेवर येऊच नये. काळविटं मात्र संध्याकाळी माळावर अगदी सहज दिसली.

रात्री भांडी घासायला पंप चालू केला. आतले दिवे मंद झाले, आणि दोन मिनिटांनी बायको म्हणाली, "अहो, प्लॅस्टिक जळल्याचा वास येतोय." बटणावर बोट ठेवलं तर चटका बसला. बॅटरीची वायर काढली आणि कंदिलावर जेवलो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर असली की ना फ्रिज लागतो ना शेगडी. कॅम्पिंगसाठी याहून बरं जेवण मला तरी माहीत नाही.

सकाळी मेहुणा मल्टिमीटर घेऊन आला. मी आधी बॅटरी काढून बटणाच्या दोन टोकांना मीटरचा बझर लावून बघितला, वाट जोडलेली असली की तो वाजतो. 'पीं' वाजलं. "बटण चांगलंय की दाजी," मेहुणा म्हणाला. मलाही तसंच वाटलं, आणि पंपच बिघडलाय असं समजून अर्धा तास पंप खोलण्यात घालवला. तिथेच चुकलो. बझरच्या तपासणीत मीटर नावापुरता करंट सोडतो. बटणाच्या आतला जळका, काळा पडलेला पॉइंट तेवढा करंट आरामात जाऊ देतो, पण 6 अँपिअर मागितले की अंग चोरतो. म्हणून तपासणी लोड, म्हणजे इथे पंप, चालू ठेवूनच करायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, पंप चालू करायचा आणि दोन्ही टोकं बटणाच्याच दोन पिनांना लावायची. बटण चांगलं असेल तर काटा जवळपास शून्यावर राहतो. आमचा 1.1 व्होल्ट दाखवत होता. 6 अँपिअरला हे साडेसहा वॅट होतात, आणि तेवढी उष्णता बोटाएवढ्या डबीत कोंडली होती.

मग हिशेबच मांडला. बॅटरीवर 12.5 व्होल्ट, पंपाच्या पिनांवर 9.4. मधले 3.1 कुठे गेले? 1.1 बटणात. बॅटरीच्या निगेटिव्हला जिथे चेसिसचा बोल्ट होता तिथे 0.3, कारण बोल्टखाली रंग तसाच होता. राहिलेले 1.7 वायरीत. पंप बॅटरीपासून 6 मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन 12 मीटर, आणि वायर 0.75 चौरस मिलिमीटरची. तांब्याची असली तरी तिचा रोध 0.28 ओहम भरतो, त्याला 6 ने गुणलं की 1.7 व्होल्ट. घरात 230 व्होल्टमधून एवढे गेले तर कळतही नाही, पण इथे मुळात बाराच आहेत.

बटण फोडलं. घरच्या भिंतीत बसतं तेच मॉड्युलर बटण, मागे '6 अँपिअर 240 व्होल्ट एसी' असं छापलेलं. आतला पितळी पॉइंट जळून खड्डा पडला होता, बाजूचं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी. एसी करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे बटण बंद करताना उडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती सवड नसते, त्यातून पंपाची मोटर म्हणजे बंद करताना जास्तच झटका. ज्याने ट्रेलर बांधून दिला त्याने दिसायला छान म्हणून ही बटणं बसवली असावीत. छान दिसत होती हे खरंच. पण त्याच 0.75 च्या वायरीला त्याने 30 अँपिअरचा हिरवा फ्यूज लावला होता, त्याचं मात्र काय करायचं? फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. इथे फ्यूजच्या आधी वायरच जळली असती.

मेहुण्याने मला स्कूटरवरून शहरातल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात नेलं. पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर अशा चारही बाजूंचे ट्रक सोलापुरातून जातात, त्यामुळे सामानाला तोटा नाही. पण ट्रकचं सामान 24 व्होल्टचं असतं. रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारी डबी, हातात घेतला की त्यावरचा आकडा वाचायचाच, 24 चा रिले 12 वर ओढत नाही. जळकं बटण बघून दुकानदार मेहुण्याला म्हणाला, "काय करून ठेवलंय बे हे?" माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मी 2.5 ची वायर मागितली तर म्हणाला, "चारची न्या मालक, वर्षाने परत येऊ नका." त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण आमच्या पॅनलच्या नळीत 4 ची मावली नसती. 2.5 चीच घेतली.

काम सुरू करताना आधी सोलरचं पॅनल सोडवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह. उलट केलं तर बॅटरीविना पॅनलचा करंट चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर येतो. नवी वाट अशी केली: बॅटरीपासून वीतभर अंतरावर 10 अँपिअरचा लाल फ्यूज, तिथून रिलेच्या 30 नंबरवर, 87 वरून थेट पंप. 85 आणि 86 मध्ये रिलेची कॉइल, तिची एक बाजू अर्थला, दुसरी बटणाला. आता बटणातून कॉइलपुरता करंट जातो, मोटरचा भार रिले उचलतो. पिळून टेप गुंडाळलेले सगळे जोड कापून लग क्रिंप केले, म्हणजे टोकांना धातूच्या टोप्या दाबून बसवल्या, वर स्लीव्ह गरम करून बसवली. ट्रेलर हादरतो, पीळ सुटतोच.

तरी दोन फ्यूज मी स्वतः उडवले. नवी रॉकर बटणं आत लाल दिव्याची, तीन पिनांची. तिसरी पिन त्या दिव्याच्या अर्थची. मी रिलेकडे जाणारी वायर तिच्यावर लावली आणि लोडच्या पिनेवर अर्थ. बटण दाबलं की थेट शॉर्ट. दुसरा फ्यूज गेल्यावर मेहुण्याने काही न बोलता बटण उलटं करून पितळी रंगाच्या पिनेवर बोट ठेवलं. बाकीच्या दोन पांढऱ्या, ही वेगळी, ही अर्थची. चेसिसच्या बोल्टखालचा रंग घासला, व्हॅसलिन लावलं. पंपावर आता 11.9 व्होल्ट मिळतात.

तिसऱ्या रात्रीसाठी हत्तरसंग कुडलला गेलो. सोलापूरपासून साधारण 40 किलोमीटर, भीमा-सीनेचा संगम. शेवटचा रस्ता अरुंद आहे, ट्रेलर वळवायला जागा बघूनच पुढे जा. पाण्याच्या टाक्या शहरातूनच भरून घ्या. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे 1018 चा शिलालेख आहे: 'वाछि तो विजेया होइवा', वाचील तो विजयी होईल. बायको म्हणाली, "हे तुमच्या त्या बटणांवर लिहून ठेवा."

जानेवारीत संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा ट्रेलर घेऊन होम मैदानाकडे फिरकू नका, मळ्यात लावून स्कूटरने जा. मार्च संपल्यावर पत्र्याच्या ट्रेलरमध्ये दुपार काढणं शक्य नाही. आम्ही फेब्रुवारीत गेलो, रात्री पांघरूण लागलं, ते सासूबाईंनी दिलेली सोलापुरी चादर होती.

बाहेरच्या छपराच्या दिव्याचं बटण अजून जुनंच आहे. एलईडी आहे, अर्धा अँपिअरही घेत नाही, म्हणून राहू दिलं. त्यावर खडूने फुली मारून ठेवली आहे.