नऊ आवाजांची डबी

आज लोअर परळच्या जॅम रूमवर मित्राने जेएचएस कंपनीचा पॅकरॅट आणला, गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारं पेडल. एका डबीत जुन्या रॅट पेडलचे नऊ अवतार! माझ्याकडे आपला नारिंगी डीएस-वन, तसलंच पेडल, १९७८ सालचं मॉडेल (मी नाही हो तेव्हाचा).

तासभर नुसता आवाज बदलायचा नॉब फिरवत बसलो. बराचसा खेळ डायोडचा, म्हणजे सर्किटमधल्या एका इवल्याशा भागाचा. साधा सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास गिटारच्या सिग्नलची लाट छाटतो, म्हणून सूर दाबलेला, खरखरीत. त्याजागी लाल एलईडी (तोही डायोडच) लावला की छाटणी १.७ च्या पुढेमागे, मग तोच कॉर्ड मोकळा, दणदणीत. आणि रॅटचा फिल्टर नॉब उलटा! उजवीकडे फिरवला की धार कमी होते. तीनदा फसलो.

खरं सांगू? नवांपैकी तीनच मी वापरेन. ड्रमरला तर तेवढेही वेगळे वाटेनात. "सगळे सेमच आहेत रे, चल वाजव, रूमचं मीटर चालू आहे."

येताना ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून लाल एलईडी घेतले. वडापावपेक्षा स्वस्त. रविवारी डीएस-वनचं पोट फाडून ते आत बसवणार. सोल्डरिंग गन कुणाकडे आहे का, दादरच्या आसपास?